दाराच्या जागी आई

अफ्रीनने दिलेल्या व्यायामाच्या कागदावर पहिलीच ओळ होती: पट्ट्याच्या टोकाला गाठ मारा, गाठ दारामागे टाका आणि दार लावून घ्या.

नानांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग कागद माझ्या हातातून घेतला, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "सपलं मग."

आमचं घर शनिशिंगणापूरला आहे आणि घराला दार नाही. मोडलंय असं नाही, बसवायचं राहिलंय असंही नाही. मुळातच नाही. भिंतीत माणूस जाईल एवढी मोकळी जागा आहे. दिवसा तिथे पडदा असतो, आणि कुत्री शिरू नयेत म्हणून झोपताना एक फळी आडवी लावतात. बाहेरगावच्या लोकांना याचं फार कौतुक. ते फोटो काढतात, खरंच चोरी होत नाही का असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता आत येऊन आमची भांडी बघतात.

नाना म्हणजे माझे वडील, गहिनीनाथ. वय शहात्तर. आई गोजरबाई, तिला वय विचारलं की "धर सत्तर" म्हणते, आणि हे ती बरीच वर्षं म्हणतेय. मी पंकजा, त्यांची एकुलती एक. नगरला सावेडीत राहते आणि शाळेत पीटी शिकवते. पाटीवर अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडात अजून नगरच आहे. माझ्या गळ्यात दिवसभर शिट्टी असते, त्यामुळे माझं सगळ्यांशी बोलणं शिट्टी मारल्यासारखंच असतं असं आईचं म्हणणं आहे. असेलही.

जुलैत नानांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे दवाखान्यात, मग काही दिवस माझ्या फ्लॅटवर. माझ्या दाराला कडी आहे, लॅच आहे, साखळी आहे आणि पुढे जाळीचं आणखी एक दार आहे. नाना दिवसभर त्या दाराकडे तोंड करून बसायचे. "कुणी यायचंय का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आलं तर कळंल कसं?" चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि मला त्यांना गावी सोडावं लागलं.

गावी गेल्यावर आठवड्याच्या आत ते न्हाणीत अडकले. पडले नाहीत. आंघोळीला पाटावर बसले, आंघोळ झाली आणि उठता येईना. आई शेतात गेली होती. त्यांनी दोनदा नेट लावला, मग लावायचा सोडून दिला आणि ओल्या अंगाने भिंतीकडे बघत बसून राहिले. दूध गोळा करणारा कारभारी नेहमीच्या वेळी आला. हाक मारली, उत्तर न्हाणीतून आलं, म्हणून तो सरळ आत गेला आणि नानांना काखेत हात घालून उचललं. उरलेल्या घरांचं दूध गोळा करता करता त्याने ही बातमीही घरोघर पोचवली.

मला फोनवर कळलं तेव्हा मी मैदानावर होते. तशीच निघाले.

"दोघांनी सावेडीला यायचं," मी म्हटलं. "आजच."

"दार असतं तर कारभारी कसा आला असता गं आत?" नाना म्हणाले.

"उठता आलं असतं तर कारभारी लागलाच नसता."

आमच्यात शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत मुदत. दिवाळीला त्यांनी त्याच पाटावर बसायचं आणि कुणाचा हात न धरता, भिंतीला न टेकता उठायचं. उठले तर राहा गावी, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही उठले तर दोघंही माझ्याकडे, तीन कड्यांच्या आत. नाना "व्हय" म्हणाले. नाना एकदा व्हय म्हणाले की ते दगडावर कोरल्यासारखं असतं, आणि मला तेच हवं होतं.

म्हणून मग अफ्रीन. ती सावेडीत आमच्याच भागात फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या शाळेतल्या मुलांचे मुरगळलेले पाय तिच्याकडेच जातात. तिने नानांच्या मांड्या दाबून पाहिल्या, त्यांना खुर्चीतून उठायला लावलं, आणि मग त्यांच्याकडे बघून माझ्याशी न बोलता त्यांच्याशीच बोलली. डॉक्टर लोकांत हे मी फार कमी पाहिलंय.

"बाबा, तरुण माणूस तीन आठवडे झोपून राहिला तर महिन्याभरात भरून काढतो. तुमचं तीन आठवड्यांत जास्त गेलंय, आणि यायला चार-पाच महिने लागतील. पण येतं. सत्तरीनंतरही स्नायू ऐकतो, फक्त उशिरा ऐकतो. एवढंच, की त्याला ताण द्यायला लागतो. लाड केले तर तो आहे तसाच राहतो."

"दिवाळीपतुर?" नानांनी विचारलं.

"कठीण आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोस्टरवरचा हाडांचा सापळा पाहू लागले.

अफ्रीनने रबराचे पट्टे दिले, हात-दीड हात लांब, चार रंगांचे. पिवळा सगळ्यात मऊ, मग लाल, मग हिरवा, निळा सगळ्यात कडक. खुर्चीत बसायचं, पट्ट्याचा फास घोट्यात घालायचा, दुसरं टोक खुर्चीच्या मागे खाली दारात अडकवायचं आणि गुडघा सरळ करत पाय पुढे न्यायचा. पट्टा मागे ओढतो, मांडी पुढे लढते. उठायला जी ताकद लागते ती याच स्नायूची. सोपा व्यायाम. माझी आठवीची मुलंसुद्धा करतील, फक्त त्यांच्या घराला दार आहे.

मी पट्टा खुर्चीच्या पायाला बांधून पाहिला. खुर्ची प्लॅस्टिकची, तीच पुढे आली. पलंग लोखंडी पत्र्याचा, त्याच्या धारेने पट्टा कापला जाईल म्हणून अफ्रीनने फोनवरच नको म्हटलं. मग मी म्हटलं, दाराच्या जागेशी भिंतीत खाली एक आकडा ठोकू. गवंडी बोलावते, दहा मिनिटांचं काम.

"दारात आकडा?" नाना म्हणाले. "लोक काय म्हनतील? आज आकडा, उद्या कडी."

"नाना, तो पायाला आहे."

"आकड्यावर लिवलेलं असतंय का कशाला हाय ते?"

मी शिट्टी घातलेली नव्हती हे बरं झालं. तेवढ्यात आई पदर खोचून आली, नानांच्या खुर्चीमागे उकिडवी बसली, पट्ट्याचं टोक दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मी धरते की. त्यात काय."

आणि खरंच त्यात काही नव्हतं. नाना तोंड अंगणाकडे करून बसायचे, आई त्यांच्या मागे, दाराच्या जागी. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिव्याच्या आधी. गावात चेष्टा झाली. गहिनीनाथनानांनी शेवटी दार बसवलं, आणि तेही बायकोचं, असं कुणीतरी पारावर म्हणालं. नानांनी ते हसून घेतलं, कारण व्यायाम चांगला चालला होता.

चांगला म्हणजे फारच चांगला. गणपतीत त्यांनी पिवळा सोडून लाल घेतला. घट बसायच्या आधी हिरवा. "निळा चाललाय," असं त्यांनी मला ललितापंचमीला फोनवर सांगितलं, आणि ते इतक्या साधेपणाने सांगितलं की त्यांनी वाक्य आधी दोनदा म्हणून पाहिलेलं असणार. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. माझी नववीची मुलं हिरव्यावर दमतात आणि माझा बाप निळ्यावर आहे, असं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगितलं. चहावालीलासुद्धा सांगितलं.

अफ्रीनला सांगितलं, तेव्हा ती खूश झाली नाही. "इतक्या लवकर?" म्हणाली. "या वयात?" मग म्हणाली, "दिवाळीआधी एकदा घेऊन या. बघते."

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी दोघांना घेऊन गेले. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. अफ्रीनच्या खोलीला दार होतं, जाड, हिरव्या रंगाचं. तिने निळ्या पट्ट्याची गाठ दारामागे टाकली, दार लावलं, कडी घातली आणि फास नानांच्या घोट्यात अडकवला.

"हं, बाबा."

नानांनी पाय पुढे नेला. म्हणजे न्यायला गेले. पाय होता तिथेच राहिला. त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली आणि पुन्हा जोर लावला. कपाळावरची शीर फुगली, पट्टा बोटभर ताणला गेला आणि पाय परत आला. अफ्रीनने हिरवा लावला. मग लाल. लालवर त्यांची मांडी थरथरली आणि गुडघा अर्ध्यावर थांबला. शेवटी पिवळा लावला, त्यावर पाय सरळ झाला.

नानांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे दारच होतं. मग त्यांनी आईकडे पाहिलं, आणि आई भिंतीवरचा हाडांचा सापळा पाहत होती.

"मावशी," अफ्रीन म्हणाली, "घरी तुम्ही कसं धरता, दाखवा बरं."

अफ्रीनने निळा पुन्हा घोट्यात अडकवला, आई तिथेच उकिडवी बसली आणि त्याचं टोक धरून दाखवलं. नानांनी पाय उचलला तशी ती बसल्या बसल्या पुढे सरकली, सवयीने, तिला स्वतःलाही कळलं नसावं. पट्टा ढिलाच राहिला आणि नानांचा पाय डौलात सरळ झाला. निळ्यावर.

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी सुट्ट्या पैशांवरून शिव्या देत होता, ते सगळं नीट ऐकू आलं.

"मावशी, उठा," अफ्रीन म्हणाली. आई उठली. कोपराला पिशवी अडकवलेली होती, ती खाली न ठेवता, कुठे हात न टेकता. अफ्रीनने तिला पुन्हा बसायला सांगितलं, पुन्हा उठायला सांगितलं. आई बसली, उठली, आणि "झालं का?" म्हणाली.

"बाबांना दिलेला व्यायाम बाबांना लागलाच नाही," अफ्रीन म्हणाली. "दाराला लागलाय."

एरवी मी हसले असते.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते, नाना पुढे, आई मागे. घोडेगावला कांद्याच्या गाड्या रस्त्यात उभ्या होत्या, थांबावं लागलं.

"किती सरकायचीस?" नानांनी समोर बघत विचारलं.

"लागंल तितकं," आई मागून म्हणाली.

"का पन?"

"तुमचा पाय थरथर कापायचा. मला बगवायचं न्हाई."

एक ट्रक हलला. आम्ही एक गाडीभर पुढे गेलो आणि परत थांबलो.

"मला वाटलं हुतं," नाना म्हणाले, "मी बरा व्हतोय."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि तो राग मी हॉर्नवर काढला. पुढच्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून मला शिवी हासडली. आईवर मला त्या क्षणी इतका संताप आला होता की मी आरशातही तिच्याकडे पाहिलं नाही. दिवाळी दोन-अडीच आठवड्यांवर होती. मनात मी त्यांच्यासाठी आतली खोली रिकामी करायला घेतली होती.

घरी पोचल्यावर मी तसं म्हटलंही. नाना खुर्चीत बसले, सदऱ्याची बटणं काढता काढता म्हणाले, "ती पोरगी चार म्हैने म्हनली हुती. माजे चार म्हैने आजून सुरूच झाले न्हाईत. संक्रांतीपतुर दे."

"संक्रांतीला तीनच होतात."

"मग तीनात करतो."

मी दिले. का दिले ते मला माहीत आहे. मला नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाना पुन्हा पिवळ्यावर आले. जमिनीला शहाबादी फरशी आहे. त्यांनी आईला एक फरशी नेमून दिली आणि सांगितलं, हिच्या पुढं यायचं न्हाई. शिवाय दाढीचा आरसा अंगणातल्या खांबाला टांगला. म्हणजे आता ते अंगणाकडे तोंड करून बसत आणि आरशात मागच्या बायकोवर नजर ठेवत. पारावर यावरही बोलणं झालं. इतकी वर्षं संसार करून आता संशय आला वाटतं म्हाताऱ्याला, असं.

मी दर रविवारी जात होते. पहिल्या रविवारी पाहिलं तर आई नेमलेल्या फरशीवर घट्ट बसलेली, पट्टा धरलेला आणि डोळे गच्च मिटलेले. नानांचा पाय थरथरत होता. ते आईला "जरा ढील दे, म्हातारे" म्हणाले, मग शिव्या दिल्या, मग स्वतःलाच दिल्या. आई हलली नाही. व्यायाम संपल्यावर तिने डोळे उघडले आणि चहा टाकायला गेली. तिचे हात लाल झाले होते. तोवर मला वाटत होतं की पट्टा धरून बसणं आईला सोपं जातं, कारण ती सत्तरीतही धडधाकट आहे. माझं ते वाटणं किती मूर्खपणाचं होतं हे मला चहा होईपर्यंत नीट कळलं.

फोनवर आता रंग सांगणं बंद झालं. "कसं चाललंय?" विचारलं की नाना "चाललंय" म्हणायचे. शाळेत मुलांना पंधरा दिवस जोर-बैठका घालायला लावल्या की त्यांच्या चालण्यात दिसतं. इथे महिना गेला तरी काही दिसेना. दिवाळी आली आणि गेली, नाना पिवळ्यावरच. थंडीत मांड्या आखडायच्या, मग दोन दिवस सगळं मागे जायचं. मला वाटायला लागलं की अफ्रीनचं चुकलं असणार, ऐकत नाही हा स्नायू. एका रविवारी मी तसं बोलून दाखवलं, तर नाना म्हणाले, "तू तरी कुठं लगीच ऐकायचीस."

नाताळच्या सुट्टीत गेले तेव्हा घोट्यात लाल पट्टा होता.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन पोचले तेव्हा न्हाणीतला पाट बाहेरच्या खोलीत मधोमध मांडलेला होता. कारभारी दुधाचे कॅन बाहेर ठेवून आत आला होता. आपल्याला बोलावलंय म्हणाला. नानांनी बोलावलं नव्हतं, पण दार नसल्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे कधी निघत नाही.

"कारभारी, हात खिशात घाल," नाना म्हणाले.

कारभारीने घातले. आई आतल्या भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. नाना पाटावर बसले. बसतानाच त्यांना दम लागला, ते मी पाहिलं. तोपर्यंत मी स्वतःला सांगत आले होते की हरले तर बरंच, माझ्याकडे येतील, डोळ्यांसमोर राहतील. त्या क्षणी मला कळलं की मला तसं अजिबात नको आहे. माझ्या दाराकडे तोंड करून बसलेले नाना मला पुन्हा बघवले नसते.

त्यांनी पावलं जवळ ओढली, पुढे वाकले आणि बूड उचललं. वीतभर वर आले आणि थांबले. मांड्या कापायला लागल्या. कारभारीचा एक हात खिशातून बाहेर आला, आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, हात परत आत गेला. नाना तसेच, ना खाली ना वर. मग कुठून तरी, फार सावकाश, गुडघे सरळ होऊ लागले. कंबर वर आली. पाठ वर आली. नाना उभे राहिले.

"उठले!" मी ओरडले.

नाना धापा टाकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईला विचारलं, "कोन सरकलं?"

आईने खाली फरशीकडे पाहिलं. तिने एवढं एक खोटं बोलावं म्हणून मी तिच्याकडे बघत होते.

"पंकी," आई म्हणाली. "एक फरशी."

मी खाली पाहिलं. खरंच सरकले होते. हातही पुढे होता, नानांच्या कोपरापासून चार बोटांवर.

"लागला का हात?"

"लागला न्हाई."

"तरी बी," नाना म्हणाले, आणि परत पाटावर बसले.

"नाना, झालं! उठलात तुम्ही, मी मानलं, पुरे!" मी म्हटलं. ते दमलेले होते, दुसऱ्यांदा जमणार नव्हतं, हे मला माझ्या धंद्यामुळे दिसत होतं. जिंकलेलं सगळं ते स्वतःच्या हाताने घालवायला बसले होते.

"तू लांब जा," ते म्हणाले.

मी दाराच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले आणि भिंतीची कड मागे दोन्ही हातांनी पकडली. धरायला कडी नाही, चौकट नाही, नुसता गिलावा. नाना पुढे वाकले. वीतभर वर आले आणि बसले. धप्पकन. कारभारी "आरारा" म्हणाला. नानांनी डोळे मिटून तीन-चार श्वास घेतले. आईचेही मिटलेले होते. मी माझे उघडे ठेवले, कारण कुणीतरी बघायला हवं होतं. गिलाव्याची पूड माझ्या नखांत शिरली.

ते पुन्हा उठायला लागले. मांड्या कापत होत्या, चेहरा तांबडा झाला होता, आणि मी सगळ्या अंगाने पुढे ओढली जात होते आणि जात नव्हते. कितीतरी वेळ ते अर्ध्यात होते. मग नव्हते. मग ते सरळ उभे होते, हात बाजूला सोडून, कुणीही आसपास नसताना.

कुणी ओरडलं नाही. आईने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मी तिथेच उभी होते, भिंत धरून, रडत.

नाना हळूहळू चालत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं आता डोक्यावर हात ठेवतील.

"सरक आता," ते म्हणाले. "दारात उबी ऱ्हाऊ नको."

मी सरकले, आणि ते अंगणात गेले.